जीबीएस: ताकद परतते, आग मागे राहते

जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड, किरकटवाडी या भागांतले लोक हातापायांतली शक्ती गेल्यामुळे एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागले आणि ‘जीबीएस’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. काही आठवड्यांतच संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही जण दगावलेही. बातम्या व्हेंटिलेटरच्या होत्या, महागड्या इंजेक्शनांच्या होत्या, विहिरीच्या पाण्याच्या होत्या. जीव वाचतो की नाही ही चिंता असताना दुसरे काही सुचणे अवघडच होते. पण या आजाराचे एक अंग तेव्हाही मागे राहिले आणि आजही राहते. ते म्हणजे मज्जातंतूंचे दुखणे. माणूस काठी टाकून चालायला लागतो, शेजारीपाजारी ‘बरा झाला’ म्हणतात आणि रात्री त्याच माणसाला तळपायांची आग झोपू देत नाही. हा लेख त्या दुखण्याविषयी आहे: ते का होते, किती काळ टिकते आणि त्याच्यासाठी काय करता येते.

आजार थोडक्यात

गुलेन-बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हे नाव फ्रान्समधल्या दोन डॉक्टरांवरून पडले. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या तिघांनी दोन सैनिकांच्या अचानक आलेल्या दुर्बलतेचे वर्णन केले. स्ट्रोल यांचे नाव पुढे गळून पडले. आजार दुर्मीळ आहे: वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण एक ते दोन जणांना होतो.

बहुतेक वेळा आधी एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो. जुलाब होतात किंवा सर्दी-ताप येतो, तो बराही होतो आणि त्यानंतर एक ते चार आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू यात सर्वांत जास्त आढळतो. दूषित पाणी आणि अर्धकच्चे चिकन ही त्याची नेहमीची वाट. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांतही तो सापडला होता. या जिवाणूच्या बाह्य आवरणाचा काही भाग आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी इतका मिळताजुळता असतो, की जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे पुढे मज्जातंतूंवरच चालून जातात. कुठे तंतूवरचे मायलिन नावाचे आवरण जाते, कुठे आतला तंतूच दुखावतो. आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

दुर्बलता दोन ते चार आठवड्यांत शिगेला पोचते, काही काळ तशीच राहते आणि मग उतरू लागते. शिरेतून पाच दिवस दिली जाणारी इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज, हे दोन सिद्ध उपचार आहेत. त्यांनी प्रतिपिंडांचा हल्ला आटोक्यात येतो. दुखणे मात्र त्यांनी हमखास थांबेल असे धरून चालू नये. स्टेरॉइड या आजारात ना ताकदीसाठी उपयोगी पडतात, ना दुखण्यासाठी.

दुखणे आधीच येते

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १५६ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१० साली जे मांडले ते प्रत्येक रुग्णाच्या घरी माहीत असायला हवे. अशक्तपणा सुरू होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत ३६ टक्के रुग्णांना दुखणे होते. आजार जोरात असताना ६६ टक्क्यांना होते. आणि एक वर्षानंतरही ३८ टक्के रुग्ण दुखण्याची तक्रार करत होते.

म्हणजे दुखणे पुष्कळदा लकव्याच्या आधी येते आणि तो ओसरल्यावरही राहते. सुरुवातीला कंबर धरते, मांड्यांच्या मागून कळ उतरते, दोन खांद्यांच्या मधोमध ठणका लागतो. मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसांची मुळे सुजल्यामुळे हे होते. या टप्प्यावर रुग्णाला कंबरेचा पट्टा मिळतो, ‘गादी सरकली असेल’ असे निदान मिळते, कुणी मालिश सुचवते. कंबरदुखीच्या प्रत्येक माणसाला जीबीएस असतो असे अर्थातच नाही. पण आठ-पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, आता कंबर आणि पाय दुखतात, जिना चढताना पाय अडखळतात आणि दोन्ही पायांत मुंग्या आहेत, असे सगळे एकत्र आले तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे दुखणे आहे.

लहान मुलांत हे ओळखणे आणखी कठीण जाते. चार वर्षांचे मूल ‘मुंग्या येतात’ असे सांगत नाही. ते चालायला नकार देते, कडेवर घेताना किंवा कपडे बदलताना किंचाळते, चिडचिड करते. घरचे त्याला हट्ट समजतात. कालपर्यंत पळणारे मूल आज पाय टेकवायला तयार नसेल, तर आधी ते दुखण्यामुळे आहे असेच धरावे.

एकच आजार, दुखणी अनेक

जीबीएसमधले दुखणे एका जातीचे नसते आणि उपचार जातीप्रमाणे बदलतात. म्हणून डॉक्टरांना नुसते ‘दुखते’ सांगून भागत नाही.

मुळांच्या सुजेचे कंबरदुखीचे रूप वर आलेच. दुसरे रूप मज्जातंतूंचे खास: आग होणे, चटके बसणे, करंट लागल्यासारखी सणक जाणे, सुया टोचल्यासारख्या झिणझिण्या, बधिर असूनही दुखणे. तिसरे स्नायूंचे. दिवसेंदिवस न हललेल्या पोटऱ्या आणि मांड्या व्यायाम सुरू झाल्यावर भरून येतात, पायांत गोळे येतात. चौथे सांध्यांचे: खांदा आखडतो, घोटा ताठरतो, कारण त्याला सांभाळणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. एकाच माणसाला एकाच वेळी तीन रूपे असू शकतात.

यांतले दुसरे रूप सर्वांत चिवट. त्याचे कारण समजले की ते सोसणे थोडे सोपे होते, निदान ‘मला वेड तर लागत नाही ना’ ही भीती जाते. वेदनेचा संदेश वाहणारे तंतू बारीक असतात, त्यांच्यावर मायलिनचे आवरण पातळ असते किंवा नसतेच. इजा झालेला तंतू कुठलेही कारण नसताना आपण होऊन संदेश सोडू लागतो. पायाला काहीही लागलेले नसते, तरी मेंदूला ‘भाजले’ असा निरोप जात राहतो. हे दीर्घकाळ चालले की मज्जारज्जू आणि मेंदूही जास्त संवेदनशील बनतात आणि मग पांघरुणाचा हलका स्पर्शसुद्धा दुखतो. वैद्यकात याला ॲलोडिनिया म्हणतात. तपासणीत त्वचा ठीक दिसते, एक्स-रे ठीक येतो. दुखणे तरीही खरेच असते.

बरे होण्याचा वेगही इथेच कळतो. नुसते आवरण गेले असेल तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तयार होते. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कंबरेपासून पावलापर्यंतचे अंतर मीटरभर धरले, तर मणक्याजवळ तुटलेल्या तंतूला पावलापर्यंत पोचायला हिशेबाने अडीच-पावणेतीन वर्षे लागतील. इजा बहुधा इतक्या वरची आणि इतकी पुरती नसते, म्हणून बहुतेकांना एवढा काळ लागत नाही. पण सहा महिने झाले, अजून तळपाय का जळतात, या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. नव्याने वाढणारी टोकेही अधूनमधून संदेश सोडतात. त्यामुळे सुधारणा चालू असतानाही काही दिवस झिणझिण्या वाढल्यासारख्या वाटतात.

अतिदक्षता विभागात, बोलता येत नसताना

जीबीएसच्या साधारण पाचातल्या एका किंवा त्याहून थोड्या जास्त रुग्णांना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येते, समजते, दुखते. बोट हलवता येत नाही, घशात नळी असल्याने आवाज निघत नाही, काही वेळा चेहऱ्याचे स्नायूही गेलेले असल्याने कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. दुखणे ओळखण्याच्या नेहमीच्या सगळ्या खुणा इथे बंद असतात.

इथे घरच्या माणसाचे काम मोठे आहे. भेटीची वेळ दहा मिनिटांची असली तरी त्यातली दोन मिनिटे फक्त दुखण्यासाठी ठेवा. डोळे मिटता येत असतील तर एकदा मिटणे म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असे ठरवा आणि ते कागदावर लिहून पलंगाशी लावा, म्हणजे पाळी बदलल्यावर येणाऱ्या सिस्टरलाही कळेल. मग क्रमाने विचारा: दुखते का? कंबर? पाय? डावा? आग होते? कूस बदलू? एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत शरीराच्या भागांची आणि नेहमीच्या गरजांची नावे लिहून न्या आणि एकेकावर बोट ठेवत जा. बाराखडीचा फलकही चालतो, पण शब्द जुळवताना रुग्ण फार दमतो. तयार शब्द बरे पडतात.

दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचांखाली उशीचा आधार देऊन टाच अधांतरी ठेवणे, फिजिओथेरपिस्टने सांधे हळुवार हलवणे, यांनी औषधाइतकाच आराम पडू शकतो. या सगळ्याला पैसे लागत नाहीत, कुणीतरी आठवण ठेवावी लागते.

औषधे: नेहमीची गोळी का चालत नाही

डोकेदुखी-अंगदुखीला आपण घेतो त्या गोळ्या सूज आणि साध्या वेदनेवर काम करतात. स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग होतो. नसांच्या आगीवर मात्र डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन फारसे चालत नाहीत आणि रोज घेतले तर जठर आणि मूत्रपिंडे खराब करतात. औषध दुकानातून आपल्या मनाने या गोळ्या आणून महिनोन्महिने खाणे हे सर्वांत जास्त दिसणारे आणि सर्वांत टाळता येण्यासारखे नुकसान आहे.

नसांच्या वेदनेसाठी मुख्यतः दोन प्रकारची औषधे वापरतात. पहिला प्रकार गॅबापेंटिन आणि प्रीगॅबलिन यांचा. मुळात अपस्मारासाठी आलेली ही औषधे अतिउत्तेजित तंतूंना शांत करतात. जीबीएसच्या दुखण्यावर गॅबापेंटिनची काटेकोर चाचणी आपल्याच देशात झाली आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २००२ साली अतिदक्षता विभागातल्या १८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: गॅबापेंटिन चालू असताना दुखणे कमी झाले आणि अफूवर्गीय वेदनाशामक इंजेक्शन कमी लागले. तीन वर्षांनी त्यांनीच ३६ रुग्णांत गॅबापेंटिनची तुलना कार्बामॅझेपिनशी केली, तेव्हा गॅबापेंटिन सरस ठरले. अभ्यास लहान आहेत, पण जगभरात या विषयावर लिहिताना त्यांचाच दाखला दिला जातो.

दुसरा प्रकार ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन यांचा. ही नैराश्यावरचीही औषधे आहेत, म्हणून चिठ्ठी वाचून किंवा इंटरनेटवर पाहून ‘मला मानसिक समजून गोळी दिली’ असा गैरसमज होतो आणि गोळी बंद पडते. मज्जारज्जूतला वेदनेचा संदेश मंदावण्याचा गुण त्यांच्यात स्वतंत्रपणे आहे, आणि तोही नैराश्याला लागतात त्यापेक्षा बऱ्याचदा कमी मात्रेत. ॲमिट्रिप्टिलिनने झोपही लागते. मात्र जीबीएसच्या सुरुवातीच्या दिवसांत नाडी आणि रक्तदाब अचानक वरखाली होत असतात. अशा वेळी हे औषध हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

या औषधांबाबत काही गोष्टी चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात, पण त्याच महत्त्वाच्या आहेत. मात्रा लहान सुरू होते, बहुधा रात्रीची, आणि आठवड्या-आठवड्याने वाढते. दोन दिवसांत गुण नाही म्हणून औषध सोडले तर त्याला संधीच दिलेली नसते. पुरेशा मात्रेवर काही आठवडे गेल्यावरच निकाल लावता येतो. पहिल्या दिवसांत गुंगी येते, चक्कर येते, प्रीगॅबलिनने पावलांवर सूज येऊ शकते. ज्याचे पाय आधीच डळमळतात त्याला या गुंगीत पडण्याचा धोका असतो, म्हणून रात्री लघवीला उठताना एकट्याने उठायचे नाही. मूत्रपिंडे कमजोर असतील तर गॅबापेंटिन-प्रीगॅबलिनची मात्रा कमी लागते. दारूबरोबर ही औषधे घातक ठरतात. बरे वाटले म्हणून एका दिवसात बंद करायची नाहीत, हळूहळू उतरवायची.

ट्रॅमाडॉलसारखी जोरकस वेदनाशामके कधी लागतात. त्यांनी बद्धकोष्ठता होते, सवय लागते, आणि ड्युलोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसोबत घेतल्यास गंभीर परिणाम होऊ शकतात. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या चालू असतील तर दोन्ही दोघांनाही दाखवा.

आपल्याकडे प्रीगॅबलिन आणि मिथाइलकोबालामिन एकाच गोळीत सर्रास मिळते. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत त्याची कमतरता खूप आढळते आणि कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, कारण तिनेही नसा खराब होतात. कमतरता नसताना जास्तीच्या गोळ्यांनी नसा लवकर भरतात असा भक्कम पुरावा नाही. बी-६ची गोष्ट तर उलटी आहे: मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर ते स्वतःच नसांना इजा करते. दोन-तीन ‘ताकदीच्या’ गोळ्या एकदम चालू असतील तर त्यांतल्या बी-६ची बेरीज डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि घटक न लिहिलेल्या पुड्या, अनोळखी भस्मे घेऊच नका. त्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले तर आधीच जखमी असलेल्या नसांवर दुसरा घाव बसतो.

यातली बरीच औषधे जनऔषधी केंद्रांत जेनेरिक रूपात स्वस्त मिळतात. महिनोन्महिने घ्यायचे औषध असेल तर हा फरक घरखर्चात जाणवतो.

आपण किती आरामाची अपेक्षा ठेवायची? नसांच्या दुखण्यात वेदना निम्म्यावर आली तर उपचार चांगला लागू पडला असे मानतात. पूर्ण शून्याची वाट पाहत एकामागून एक औषधे सोडण्यापेक्षा, निम्म्यावर आलेल्या दुखण्यात झोप लागते का आणि दिवसाची कामे होतात का, हे पाहावे.

शेक, मालिश आणि पांघरूण

आपल्या घरांत दुखऱ्या पायावर पहिला उपाय शेकाचा. जीबीएसमध्ये हाच सर्वांत धोक्याचा. पायाला आग जाणवते, पण खरी उष्णता जाणवत नाही, अशी विचित्र अवस्था असते. गरम पाण्याची पिशवी अर्धा तास ठेवली आणि सकाळी फोड दिसले, असे होऊ शकते. बादलीत पाय सोडायचे असतील तर पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहावे. कोमटपेक्षा जास्त नको. बर्फही थेट लावू नये. आगीवर ओलसर सुती फडका आणि पंख्याचा वारा पुष्कळांना बरा वाटतो.

मालिश करणारा जोर लावून पाय चोळतो, ते ॲलोडिनिया असलेल्या पायाला सोसत नाही. गंमत अशी, की हलका घासता स्पर्श जास्त दुखतो आणि तळव्याने स्थिर, सावकाश दाबून धरलेला पाय कमी दुखतो. म्हणून तेल चोळण्याऐवजी पाऊल दोन्ही हातांत धरून ठेवावे, रुग्ण सांगेल तेवढाच दाब द्यावा. आजार थोडा उतरल्यावर त्वचेला पुन्हा स्पर्शाची सवय लावता येते: आधी कापूस, काही दिवसांनी मऊ सुती कापड, मग टॉवेल, दिवसातून थोडा थोडा वेळ. हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून शिकून घेतलेले चांगले.

पांघरुणाचा प्रश्न छोटा वाटतो, पण रात्र त्यावर ठरते. पलंगाच्या पायथ्याशी गादीवर एक छोटा चौरंग किंवा दोन बाजू कापलेले मजबूत खोके ठेवावे, पावले त्याच्या खाली आणि गोधडी त्याच्या वरून. ऊब राहते, कापड पावलाला टेकत नाही. उन्हाळ्यात चादरीऐवजी मच्छरदाणी लावली की डासही नाहीत आणि स्पर्शही नाही. मोजे घालायचे तर सैल, सुती आणि शिवण बाहेर येईल असे उलटे.

बधिर पावलांनी अनवाणी फिरू नये, घरातसुद्धा. चैत्र-वैशाखात देवळाच्या फरशा इतक्या तापतात की चांगला माणूस उड्या मारत जातो. ज्याला ताप कळतच नाही त्याचे तळवे तिथे भाजतात. देवदर्शनाला सकाळी लवकर जावे, परवानगी असेल तिथे मोजे घालावेत. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत.

बसण्याचीही काळजी हवी. बराच वेळ मांडी घालून, पायावर पाय टाकून किंवा उकिडवे बसले की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली जाते. निरोगी माणसाच्या पायाला त्याने मुंग्या येतात, इथे तर नस आधीच दुखावलेली आहे. जेवायला खुर्ची-टेबल आणि शौचाला कमोडची सोय काही महिने तरी करावी.

रात्र आणि थकवा

नसांचे दुखणे रात्री वाढते. दिवसा माणसे, आवाज, कामे यांत लक्ष वाटलेले असते. दिवा मालवला की मेंदूपुढे तेवढा एकच संदेश उरतो. रात्रीचा डोस झोपायच्या ऐन वेळी घेतल्यास तो लागू पडेपर्यंत तास-दोन तास तळमळ होते, म्हणून तो किती आधी घ्यायचा हे डॉक्टरांना विचारून घड्याळाला बांधून घ्यावा. संध्याकाळनंतर चहा नको. लक्ष वळवणे ही मनाची फसवणूक नाही, वेदनेचा संदेश मेंदूत त्याने खरोखर मंदावतो. रेडिओ, एखादे कीर्तन, मंद लयीत मोजलेला श्वास, जे जमेल ते.

आणि थकवा. चालता येऊ लागलेल्या माणसालाही महिनोन्महिने कमालीचा थकवा राहतो, तो इतरांना दिसत नाही. व्यायाम हवाच, पण ‘जितका घाम तितका फायदा’ हा हिशेब इथे चुकतो. आजच्या व्यायामाने उद्या दुखणे किंवा अशक्तपणा वाढला, तर आजचा व्यायाम जास्त झाला असे समजून परवा कमी करावा. घरच्यांचे ‘अजून चार पावले टाक’ हे प्रेमाने आलेले असते, तरी फिजिओथेरपिस्टने घालून दिलेल्या मर्यादेपुढे ते नको.

महिनोन्महिने दुखत राहिले की मन खचते, पुन्हा आजार उलटेल का ही धास्ती राहते. आजार पुन्हा होण्याचे प्रमाण कमी आहे, साधारण शंभरात दोन ते पाच. मन फारच खाली गेले तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत आणि मराठीतून बोलता येते.

केव्हा थांबायचे नाही

काही दुखण्यांना ‘नसांचेच असेल’ म्हणून सोडून देऊ नये. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात हा धोका नेहमी असतो. सुधारत असलेली ताकद पुन्हा उतरू लागली, गिळताना ठसका लागू लागला, धाप लागली किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आजार सुरू होऊन आठ आठवडे उलटल्यावरही अशक्तपणा वाढतच असेल, तर तो सीआयडीपी हा वेगळा, दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि त्यात स्टेरॉइडचाही उपयोग होतो.

डॉक्टरांना नेमके काय सांगावे

ओपीडीत वेळ थोडा असतो. एक वही करा. रोज तीन गोष्टी लिहा: दुखणे कुठे आणि कसे, म्हणजे आग, सणक, ठणका की गोळे; शून्य ते दहांत किती; रात्री किती तास झोप लागली. औषध बदलले की त्या तारखेला खूण करा. दोन आठवड्यांची अशी पाने समोर ठेवली की डॉक्टरांना मात्रा ठरवणे सोपे जाते. न्यूरॉलॉजिस्टच्या उपचारांनी पुरेसे भागत नसेल तर वेदना-चिकित्सा विभागात पाठवा असे स्वतःहून म्हणा. मोठ्या शहरांतल्या अनेक रुग्णालयांत भूलतज्ज्ञ असा विभाग चालवतात.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी जीबीएसमधून उठत असेल, तर ‘आता किती चालता येते?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘रात्री किती दुखते?’ हेही विचारा. उत्तर ‘खूप’ असे आले, तर पुढच्या भेटीत त्यांच्यासोबत दवाखान्यात जा आणि ताकदीच्या तपासणीनंतर डॉक्टरांना सरळ विचारा, की दुखण्यासाठी वेगळे काय सुरू करायचे.